सारखं काय? मंथरा, शकुनी, शुक्राचार्य आणि कॅप्टन हूक

मंडळी, पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. आधी एक खेळ खेळूया. सहा नावं देते. या सहा जणांत सारखं काय, ते ओळखायचं. पुढे वाचायच्या आधी मनातल्या मनात उत्तर ठरवून टाका.

मंथरा. शकुनी. शुक्राचार्य. 'पीटर पॅन'मधला कॅप्टन हूक. 'लायन किंग'मधला स्कार. 'बाहुबली'मधला बिज्जलदेव.

ठरलं? बहुतेकांचं उत्तर असेल, "सगळे व्हिलन." बरोबर आहे. पण या कोड्याला आणखी एक उत्तर आहे. ते मला नववीतल्या एका मुलीकडून कळलं, आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

झालं असं. गेल्या गणेशोत्सवात आमच्या मंडळाने मुलांसाठी हा खेळ ठेवला होता. आम्ही दिंडोशीकर. एका अंगाला फिल्मसिटी, दुसऱ्या अंगाला हायवे आणि मेट्रो, मध्ये आम्ही उतारावर. इथल्या मुलांना सुपरहीरो, राक्षस, चेटकिणी हे विषय दिले की जेवणाची आठवण राहत नाही. कॉलेजात जाणारा मंडळातला एक मुलगा प्रश्न विचारत होता. गुणांचा तक्ता माझ्याकडे होता.

पहिला प्रश्न होता शक्तिमान, स्पायडरमॅन आणि सुपरमॅन. पोरांनी उडणं, मास्क, चड्डीचा रंग असं बरंच काही सांगून पाहिलं. खरं उत्तर, तिघंही वर्तमानपत्रात कामाला! गंगाधर आणि पीटर पार्कर फोटोग्राफर, क्लार्क केंट वार्ताहर. पुढचा प्रश्न कर्ण, श्रीकृष्ण, मोगली, हॅरी पॉटर. हे चटकन आलं. चौघंही जन्मदात्या आईबापांकडे वाढले नाहीत.

मग वरची सहा नावं आली. प्रश्न विचारणाऱ्याच्या चिठ्ठीवर उत्तर लिहिलेलं होतं, "खलनायक". तीन गटांनी तेच लिहिलं. चौथ्या गटाच्या पाटीवर लिहिलं होतं, "सगळ्यांच्या शरीरात काहीतरी वेगळं आहे."

क्षणभर सगळे पाटीकडे बघत राहिले. मग जो तो मनात एकेक नाव तपासायला लागला. मंथरेला कुबड. शकुनी लंगडतो. शुक्राचार्यांना एकच डोळा. हूकला एका हाताच्या जागी आकडा. स्कारच्या डोळ्यावर वार झाल्याची खूण, आणि तीच त्याचं नाव. बिज्जलदेवाचा एक हात अधू.

"दादा, याचे गुण मिळणार का?" पाटी धरलेल्या मुलीने विचारलं.

ती मुलगी कुबडी घेऊन चालते. जन्मापासून एका पायात दोष आहे. (तिला आणि तिच्या आईला विचारून लिहितेय. ओळख पटेल असं काही इथे ठेवलेलं नाही.)

"अगं, पण सोपं उत्तर तर समोर होतं," तो म्हणाला.

"सोपं मलाही दिसलं. पण शाळेत गॅदरिंगला मला दोनदा मंथराच दिली. म्हणाले, तुला मेकअपची पण गरज नाही, काठी पण आहेच."

तिने हे रडून सांगितलं नाही. पावसाने ट्रेन उशिरा आली, अशा सुरात सांगितलं. तिच्यासाठी ती जुनी बातमी होती. तेवढ्यात दुसऱ्या गटातला एक चुणचुणीत मुलगा ओरडला, "पण मग गणपतीचं काय? त्याचा पण दात तुटलाय!" आणि एकच वाद सुरू झाला. गुण दोन्ही उत्तरांना दिले. गणपतीच्या प्रश्नाकडे मी पुढे येते, कारण तो साधा नाही.

त्या रात्रीपासून मी ही नावं नीट तपासायला घेतली. जे सापडलं ते सांगते.

मंथरेपासून सुरुवात. वाल्मीकी रामायणात ती कुबडी आहे, हे खरं. तिचं बोलणं पटल्यावर कैकेयी तिचं कौतुक करते तेव्हा थेट तिच्या कुबडाचं कौतुक करते. तुझी सगळी अक्कल, सगळ्या युक्त्या यातच साठवलेल्या आहेत असं म्हणते आणि त्याला सोन्याने मढवायची भाषा करते. म्हणजे कुबड हे नुसतं वर्णन राहत नाही, कारस्थानाचं कोठार होतं. तुलसीदासांच्या रामचरितमानसात कैकेयी आणखी पुढे जाते. काणे, लंगडे, कुबडे लोक कपटी असतात असा समज ती बोलून दाखवते. शतकानुशतकं घरोघरी वाचला जाणारा ग्रंथ आहे हा.

शकुनीचं वेगळं. व्यासांच्या महाभारतात तो गांधारचा राजपुत्र आहे आणि युद्धात अठराव्या दिवसापर्यंत लढतो. सहदेवाच्या हातून मरतो तो रणांगणावर. आपल्या डोळ्यासमोर मात्र येतो तो एक डोळा बारीक करून लंगडत चालणारा मामा. ही प्रतिमा घट्ट बसली ती बी. आर. चोप्रांच्या मालिकेमुळे, १९८८ ते १९९० या काळात, दर रविवारी सकाळी. गुफी पेंटल यांनी काम इतकं अप्रतिम केलं की आज शकुनी म्हटलं की ती चालच आठवते. आणि त्या मालिकेचं बरंचसं चित्रीकरण झालं आपल्या शेजारी, फिल्मसिटीत. म्हणजे भारतभरच्या डोक्यातला लंगडा शकुनी एका अर्थाने आपल्याच भागातून गेलेला आहे.

शुक्राचार्यांची गोष्ट तर आपण रोज वापरतो. कुठली फाईल अडली, कुठला निधी वळला, की "झारीतले शुक्राचार्य कोण?" असा मथळा ठरलेला. गोष्ट अशी, की बळीराजा वामनाला दान द्यायला निघतो. शुक्राचार्य ओळखतात की यात दगा आहे. ते लहान होऊन झारीच्या तोटीत बसतात, म्हणजे पाणीच पडणार नाही आणि दानाचा संकल्प पुरा होणार नाही. वामन दर्भाची काडी खुपसतो आणि त्यांचा डोळा जातो. आता महाराष्ट्रात राहून जरा विचार करा. दिवाळीत "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो" म्हणणारे आपण. त्या बळीला वाचवायला गेलेल्या गुरूचा डोळा गेला, आणि नाव पडलं ते भ्रष्ट अडथळा आणणाऱ्याचं!

बिज्जलदेव तर सरळ हिशोब आहे. हात अधू म्हणून सिंहासन नाकारलं, म्हणून मनात विष. धृतराष्ट्राचं तेच. अंध म्हणून आधी राज्य पांडूकडे गेलं. दोन्ही गोष्टींत मूळ अन्याय त्या माणसावर झालेला आहे. पण प्रेक्षकांच्या लक्षात राहतो तो त्याचा मत्सर. अन्याय कोणी केला, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

आता मुद्द्याचं. ही सगळी कल्पनेतली माणसं झाली. हाडामांसाच्या माणसाचं काय होतं, हे बघायचं असेल तर ललिता पवारांचं आयुष्य बघा.

येवल्यात १९१६ साली जन्मलेली ही मुलगी मूकपटांच्या काळात पडद्यावर आली आणि नायिका झाली. १९४२ च्या सुमारास एका चित्रपटाच्या चित्रीकरणात प्रसंग होता थोबाडीत मारण्याचा. समोरचे नट होते मास्टर भगवान, म्हणजे पुढे 'अलबेला'मुळे घराघरात पोचलेले भगवानदादा. थप्पड खरीच जोरात बसली. चेहऱ्याच्या एका बाजूला अर्धांगवायूसारखं झालं, डाव्या डोळ्यात कायमचा दोष राहिला. जवळपास तीन वर्षं उपचारांत गेली. परत आल्या तेव्हा नायिकेच्या भूमिका संपल्या होत्या. मिळायला लागल्या त्या खाष्ट सासूच्या, कजाग बाईच्या. तो बारीक झालेला डोळा आता "शोभून दिसत" होता. आणि १९८७ साली रामानंद सागरांच्या 'रामायण'मध्ये त्या काय झाल्या? मंथरा.

ही बाई काय ताकदीची नटी होती हे कळायला 'श्री ४२०'मधली केळेवाली बघावी, किंवा 'अनाडी'मधली मिसेस डिसा. वरून खडूस, आतून मेणाहून मऊ. त्या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. डोळा तोच होता, चेहरा तोच होता. लेखकाने वेगळं काही लिहून दिलं, तर त्याच चेहऱ्यावर माया दिसली. तरी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या आयाबाया त्यांना पडद्यावर बघून बोटं मोडायच्या. एका अपघाताने स्वभाव बदलत नाही, फक्त मिळणाऱ्या भूमिका बदलतात. ललिताबाईंना १९४५ च्या आसपास जे कळलं, तेच आमच्या इथल्या मुलीला नववीत कळलं.

"पण पुराणात चांगलीही माणसं आहेत की अशी," असं कोणी म्हणेल. आहेत. आता त्यांचं काय होतं ते बघू.

मथुरेची कुब्जा. कंसाच्या दरबारात चंदन उगाळून देणारी, तीन ठिकाणी वाकलेली बाई. कृष्णाला प्रेमाने चंदन लावते. कृष्ण काय करतो? तिला सरळ करतो, सुंदर करतो. अष्टावक्र. आठ ठिकाणी वाकलेला, बापाच्या शापाने. जनकाच्या दरबारात जाऊन भल्या पंडिताला हरवतो, बापाची सुटका करतो. महाभारतातल्या त्या कथेत शेवटी काय होतं? बाप त्याला नदीत स्नान करायला सांगतो आणि त्याचे अवयव सरळ होतात. इतकं ज्ञान, इतकी हिंमत, पण बक्षीस म्हणून मिळालं काय, तर इतरांसारखं शरीर.

म्हणजे दोन वाटा झाल्या. दुष्ट असशील तर तसाच राहा. चांगला असशील तर बरा हो.

तिसरी वाट आपल्या काळात निघाली, 'दिव्य' हो. 'अपंग' शब्दाऐवजी 'दिव्यांग' वापरा असं पंतप्रधानांनी २०१५ च्या डिसेंबरमध्ये सुचवलं आणि तो शब्द रूढ झाला. राज्यात आता दिव्यांग कल्याण हा वेगळा विभाग आहे. वेगळा विभाग झाला हे चांगलंच. शब्दामागची भावनाही मी समजू शकते. पण त्या मुलीच्या आईने मला एक वाक्य ऐकवलं ते सांगते. "काकू, दिव्य काही नाही हो. तिला गणित आवडत नाही, भावाशी भांडते, मोबाईल सोडत नाही. साधी पोर आहे."

दुष्ट, बरा झालेला किंवा दिव्य. गोष्टींमध्ये असल्या शरीराला या तीनच खोल्या आहेत. शेजारी व्हायची सोय नाही. वर्गमैत्रीण, दुकानदार, बॉस, प्रेयसी, मंडळाचा खजिनदार व्हायची सोय नाही. मला छळतंय ते हेच.

आता गणपतीच्या प्रश्नाकडे येते. पोरगं बरोबर बोललं होतं. एकदंत, वक्रतुंड, लंबोदर ही आपल्या सर्वांत लाडक्या देवाची नावं आहेत, आणि तीनही थेट त्याच्या शरीरावरून आली आहेत. तुटलेला दात, वाकडी सोंड, सुटलेलं पोट. कोणी त्याला सरळ करत नाही. कोणी त्याला बरा हो म्हणत नाही. मूर्तिकार तुटलेला दात तुटलेलाच घडवतो, आणि तो पूर्ण केला तर आपल्यालाच चुकल्यासारखं वाटेल. म्हणजे आपल्याला जमतं तर! वेगळं शरीर बघून प्रेम करणं आपल्या संस्कृतीत आहे. दहा दिवस आपण तेच करतो. फक्त मखरात बसलेल्याला जे देतो, ते मंडपाच्या पायरीशी उभ्या असलेल्याला द्यायला विसरतो.

आणि आपले खेळ आठवा. लंगडी. आंधळी कोशिंबीर. ज्याच्यावर राज्य, तो एका पायावर किंवा डोळ्यावर पट्टी बांधून. पण राज्य फिरतं. आज तुझ्यावर, उद्या माझ्यावर. या खेळांमध्ये लंगडणारा वाईट नसतो, त्याची फक्त पाळी असते. आयुष्यातही खरं तर तसंच आहे. म्हातारपण आलं की गुडघे, मोतीबिंदू, ऐकू कमी येणं, राज्य प्रत्येकावर येणारच आहे. माझे गुडघे तर आत्ताच सूचना द्यायला लागलेत.

आता आपल्या बोलण्याकडे या. राजकारणावरच्या पोस्ट वाचणारे-लिहिणारे आपण सगळे. आपले लाडके शब्द बघा. "कुबड्यांवरचं सरकार." "आंधळा कारभार." "मुकी-बहिरी यंत्रणा." "लुळंपांगळं प्रशासन." माणूस प्रामाणिक असला की "सरळ", लबाड असला की "वाकडा". आणि कुबडी हा शब्द तर कुबडाच्या घरचाच. सरकारला टोमणा मारताना आपण कुबडी म्हणजे लाचारी धरून चालतो. जी मुलगी कुबडी घेऊन चालते, तिच्यासाठी ती लाचारी नाही, स्वातंत्र्य आहे. कुबडी आहे म्हणून ती एकटी शाळेत जाते. कुबडी काढून घ्या, मग लाचारी म्हणजे काय ते कळेल.

मला माहीत आहे, काही जण लगेच म्हणतील, "आता म्हणींवर पण बंदी घाला." नाही हो. "आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं" ही म्हण मी पण वापरते आणि भाषेतून ती उपटून काढा असं माझं म्हणणं नाही. चिंची चेटकीण नको असंही म्हणत नाही. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तल्या त्या चेटकिणीवर, आधी दिलीप प्रभावळकर आणि अलीकडे वैभव मांगले यांनी केलेल्या, मुलं खलनायिका असूनही जीव टाकतात. भीती, हसू, वाकडं नाक, हे सगळं गोष्टीत असणारच. माझा प्रश्न एवढाच आहे की त्या शरीराच्या वाट्याला दुसरं काही येतं का? दहा गोष्टींत एक लंगडा दुष्ट असेल तर ती गोष्ट झाली. दहाही गोष्टींत लंगडा दुष्टच असेल, तर ती शिकवणी झाली.

हा नुसता माझा भावनेचा मामला नाही. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने, यावर निकाल दिलेला आहे. निपुण मल्होत्रा यांनी 'आंख मिचोली' नावाच्या हिंदी चित्रपटातल्या चित्रणावरून याचिका केली होती. न्यायालयाने चित्रपटावर कात्री चालवली नाही. पण पडद्यावर दिव्यांग व्यक्ती कशा दाखवाव्यात याची मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. हिणवणारे शब्द टाळा. समज समजून घेण्यासाठी केलेला विनोद वेगळा आणि माणसाला खाली ओढणारा विनोद वेगळा, हा फरक करा. ठोकळेबाज गैरसमज दाखवू नका, आणि दुसऱ्या टोकाला जाऊन त्यांना अचाट शक्तीचे महामानवही करू नका. आणि आमच्याविषयीचं काहीही आमच्याशिवाय नको, हे दिव्यांगांच्या चळवळीचं तत्त्व न्यायालयाने उचलून धरलं.

बघा, दुष्टही नको आणि दिव्यही नको. आमच्या इथल्या मुलीने पाटीवर जे लिहिलं, त्याच्या शेजारीच बसेल असा निकाल आहे हा.

बाहेरही हे सुरू आहे. चेहऱ्यावर व्रण असलेल्या लोकांसाठी काम करणाऱ्या एका ब्रिटिश संस्थेने २०१८ मध्ये "मी तुमचा खलनायक नाही" अशी मोहीम काढली. तिला पाठिंबा देत ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने जाहीर केलं की व्रण ही दुष्टपणाची खूण म्हणून वापरणाऱ्या चित्रपटांना पैसे देणार नाही. २०२० मध्ये 'द विचेस' चित्रपटातल्या चेटकिणींना बोटं कमी दाखवली, तेव्हा तशीच बोटं घेऊन जन्मलेल्या माणसांनी आपल्या हातांचे फोटो टाकले. इतके फोटो आले की वॉर्नर ब्रदर्सला माफी मागावी लागली.

"गोष्टीच आहेत, एवढं काय मनावर घ्यायचं?" हा शेवटचा आक्षेप. मनावर घ्यायचं, कारण गोष्टीतल्या खोल्या बाहेरच्या इमारती ठरवतात. ज्याला आपण शेजारी म्हणून कल्पनेतही बघितलेलं नसतं, त्याच्यासाठी उतार बांधायचं सुचत नाही. आपल्याच भागात बघा. मेट्रोच्या स्थानकात लिफ्ट आहे, छान आहे. लिफ्टमधून खाली उतरा आणि कुबडी किंवा चाकाची खुर्ची घेऊन वर वस्तीपर्यंत या. फूटपाथ मध्येच संपतो, कुठे खांब, कुठे बाईक, कुठे गुडघाभर उंच कडा. डोंगरावरच्या गल्ल्यांमध्ये पायऱ्याच पायऱ्या. हे कोणी दुष्टपणाने केलेलं नाही. आराखडा काढणाऱ्याच्या डोळ्यासमोर चालणारा माणूस होता तो दोन धडधाकट पायांचा, एवढंच.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले. म्हणजे शंभरात दोन-तीन माणसं. आणि तेव्हा मोजणीचे प्रकार कमी होते. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले. त्यात बुटकेपणा आला, ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती आल्या. म्हणजे ज्यांना आपण परीकथेत बुटके आणि भयपटात भूत म्हणून बघितलं, ते कायद्याच्या नजरेत आता नागरिक आहेत. आपल्या नजरेत कधी येणार?

चांगल्या गोष्टी नाहीत असं मुळीच नाही. 'फाइंडिंग निमो'मधल्या छोट्या माशाचा एक पंख लहान आहे. शेवटपर्यंत लहानच राहतो आणि तो घरी परत येतो. 'हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन'मध्ये ड्रॅगनची शेपटी तुटलेली, आणि शेवटी नायकाचाही एक पाय जातो. दोघं कृत्रिम अवयव लावून उडतात. कोणी रडत बसत नाही, कोणी जादूने बरं होत नाही. आणि आपल्याकडे, मराठीत, २०१४ साली 'यलो' आला. डाऊन सिंड्रोम असलेल्या पुण्याच्या जलतरणपटू गौरी गाडगीळ यांच्यावरचा चित्रपट, आणि त्यात मोठ्या गौरीची भूमिका केली खुद्द गौरीने. हिला कोण करणार, हा प्रश्नच ठेवला नाही. हे आपण केलेलं आहे, म्हणजे पुन्हा करू शकतो.

म्हणून दिंडोशी, कुरार, मालाड, गोरेगावच्या माझ्या मंडळींना तीन गोष्टी सांगते.

एक. शाळांची गॅदरिंग येतील, सोसायट्यांची नाटकं बसतील. ज्या मुलाचा पाय, डोळा, हात, उंची वेगळी आहे, त्याला आधी विचारा, "तुला काय व्हायचंय?" त्याला मंथराच व्हायचं असेल तर जरूर होऊ दे, झकास भूमिका आहे. पण आपण ठरवायचं नाही. सीतेने कुबडी घेऊन वनवासात जायला काय हरकत आहे? चौदा वर्षं चालायचं होतं, आधार बराच.

दोन. मंडळांनी मंडपाला उतार करायचा. आमच्याकडे पाटी प्रकरणानंतर तिसऱ्या दिवशी पोरांनी लाकडी फळ्यांचा उतार केला, वर रबराची चटई ठोकली, बाजूला बांबूचा कठडा. एका संध्याकाळचं काम. पहिल्या रात्री तो सर्वांत जास्त कोणी वापरला? आज्यांनी, आणि बाळांच्या गाड्या ढकलणाऱ्या आयांनी. यंदा मंडपाच्या नकाशातच तो धरलाय. विसर्जनाच्या दिवशी मूर्ती खाली आणायलाही त्याचाच उपयोग होईल, असं कार्यकर्त्यांचं म्हणणं आहे. म्हणजे एकदंतालाही उतारच सोयीचा.

तीन. फिल्मसिटीत काम करणारे बरेच जण ही भिंत वाचतात, मला माहीत आहे. लेखक आहात, वेशभूषा करता, मेकअप करता, सहायक दिग्दर्शक आहात. पुढच्या वेळी कथेत माणूस वाईट आहे हे दाखवायला त्याच्या डोळ्यावर व्रण काढायची सूचना आली, तर एकदा विचारा, "सर, दुसरं काही सुचतंय का?" वाईट माणसं रोज बातम्यांत बघतो आपण. इस्त्रीचे कपडे, सरळ पाठ, दोन्ही डोळे शाबूत आणि चालही ताठ. खलनायकासाठी एवढं साहित्य उपलब्ध असताना बिचाऱ्या कुबडीला कशाला त्रास?

आता खेळाचा दुसरा भाग. हा तुमच्यासाठी. अशी एक व्यक्तिरेखा सांगा, मराठी गोष्टीतली, नाटकातली, सिनेमातली किंवा पुराणातली. तिच्या शरीरात काही वेगळं आहे, ती दुष्ट नाही, शेवटी जादूने बरी होत नाही आणि तिला देवत्वही दिलेलं नाही. म्हणजे गणपती चालणार नाही, तो आधीच होऊन गेला.

नावं खाली लिहा. मी यादी करतेय, आमच्या मंडळाच्या यंदाच्या खेळासाठी. प्रश्न विचारायला या वर्षी नवीन माणूस नेमलाय. आता दहावीत आहे, कुबडी घेऊन चालते आणि सोपं उत्तर लिहिणाऱ्याला अर्धाच गुण देणार म्हणते.